बोका लघवीला बसतो आणि येत काहीच नाही: नव्या मांजरपालकांसाठी

मांजर पहिल्यांदाच पाळलं असेल तर एक चित्र डोक्यात पक्कं बसवून घ्या. बोका लिटर ट्रेमध्ये जातो, उकरतो, बसतो. पाठीला बाक येतो, शेपटीचं बूड थरथरतं. मिनिटभर तसाच कुंथतो, मग उठतो, बाहेर येऊन मागचा भाग चाटत बसतो. पाच मिनिटांनी पुन्हा आत. बघणाऱ्याला वाटतं, याला शी होत नाहीये.

मलाही तसंच वाटलं होतं. आमचा भुऱ्या तेव्हा चार वर्षांचा होता. संध्याकाळपासून त्याच्या ट्रेकडे चकरा चालल्या होत्या आणि मी बद्धकोष्ठ समजून त्याच्या खाण्यात काय बदलायचं याचा विचार करत होते. रात्री तो ट्रे सोडून बाथरूममध्ये गेला आणि फरशीवरच बसला. उठला तेव्हा पांढऱ्या फरशीवर एकच थेंब होता, डाळिंबाच्या दाण्याएवढा आणि त्याच रंगाचा. तेव्हा कळलं की तो शीसाठी नाही, लघवीसाठी कुंथत होता. मधले चार तास मी वाया घालवले होते. तो वाचला, पण ते चार तास तुमच्या हातून जाऊ नयेत म्हणून हे सगळं लिहिते आहे.

पायरी १: एकाच प्रश्नाचं उत्तर शोधा

लघवी बाहेर पडतेय का? रक्त आहे का, रंग कसा आहे, वास येतोय का, हे सगळं नंतर. ट्रेमधलं लिटर सपाट करा, जुनी ढेकळं काढून टाका आणि पुढच्या खेपेला तो उठला की लगेच पाहा. लिटर किती ओलं झालं?

थेंबभर किंवा काहीच नाही, आणि मांजर नर आहे, तर पुढची पायरी वाचत बसू नका. कॅरिअर काढा आणि दवाखान्यात फोन करा. मध्यरात्र असली तरी. नसबंदी झालेल्या बोक्यालाही हे तितकंच लागू आहे.

बऱ्यापैकी लघवी होतेय, पण वारंवार होतेय, गुलाबी आहे किंवा भलत्या जागी होतेय, तर त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी दाखवा. तोवर ट्रेवर नजर ठेवा, कारण नराच्या बाबतीत आज थोडी येणारी लघवी उद्या पूर्ण बंद होऊ शकते.

नर-मादीत हा फरक का, तर शरीराची रचना. मादीचा, म्हणजे भाटीचा, मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असतो. बोक्याचा लांब असतो आणि टोकाशी, लिंगाच्या भागात, अगदीच अरुंद. सूज, बारीक स्फटिक आणि चिकट स्राव यांचा लहानसा बुचासारखा गोळा तिथे अडकायला पुरतो. त्यामुळे लघवी पूर्ण अडण्याच्या जवळपास सगळ्या केसेस नरांच्या असतात. नसबंदीमुळे ही नळी अरुंद राहते असं पुष्कळ जण सांगतात, पण मोजमापं घेतली तेव्हा तसा फरक दिसलेला नाही. त्या भीतीने नसबंदी टाळू नका.

वाट अडली की मूत्राशय फुगत जातं, दाब उलटा किडन्यांवर येतो आणि जे द्रव्य लघवीवाटे जायला हवं ते रक्तात साठू लागतं. त्यात सगळ्यात घातक पोटॅशियम. ते वाढलं की हृदयाचे ठोके मंदावतात, लय बिघडते. पूर्ण अडल्यापासून २४ ते ४८ तासांत हे जिवावर बेततं. सुरुवातीला मांजर ओरडतं, येरझारा घालतं, कोपऱ्यात लपतं. मग खाणं सोडतं, उलट्या होतात. त्यानंतर ते निपचित पडतं, अंग गार लागतं. या शेवटच्या टप्प्याला अनेक जण फसतात. मघाशी ओरडत होतं, आता शांत झोपलंय, म्हणजे बरं वाटत असेल, असा समज होतो. खरं तर ते सगळ्यात जास्त धोक्यात असतं.

पोट चाचपून पाहावंसं वाटेल. मागच्या पायांच्या थोडं पुढे, पोटाच्या खालच्या भागात लिंबा-संत्र्याएवढा टणक गोळा लागला तर ते भरलेलं मूत्राशय असू शकतं. पण दाबून लघवी काढायचा प्रयत्न चुकूनही करू नका. ताणलेलं मूत्राशय फुटू शकतं. आणि नवख्या हाताला गोळा लागला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

पायरी २: घरातल्या औषधांच्या डब्याला हात लावू नका

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मांजर तडफडताना पाहिलं की हात आपोआप त्या डब्याकडे जातो.

पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. माणसाची एक गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते. हे औषध शरीराबाहेर टाकायला लागणारी यकृतातली यंत्रणा मांजरांमध्ये फारच दुबळी असते. रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद जाते, हिरड्या तपकिरी किंवा निळसर होतात, तोंड सुजतं. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकही देऊ नका. लघवीची जळजळ थांबवायला माणसांना देतात ती सिरपं त्याहून फसवी, कारण ती साधी, निरुपद्रवी वाटतात. त्यातली बरीचशी लघवी अल्कधर्मी करतात, आणि मांजरांमध्ये स्ट्रुव्हाइट नावाचे खडे नेमके अशाच लघवीत तयार होतात. मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिक देण्यातही अर्थ नाही. का, ते पुढे येईल.

आणि सिरिंजने बळेच पाणी पाजू नका. वाट बंद असताना आणखी पाणी गेलं तर दाबच वाढेल, शिवाय ठसका लागून पाणी फुप्फुसात जाऊ शकतं.

पायरी ३: निघताना

आधी फोन करा. "मांजराला बरं नाही" एवढंच सांगितलंत तर उद्याची वेळ मिळेल. "नर बोका आहे, लघवीला बसतोय पण येत नाहीये, शेवटची लघवी अमुक वाजता पाहिली" असं सांगा. पलीकडच्या माणसाला लगेच अंदाज येतो.

कॅरिअरमध्ये जाड टॉवेल अंथरा आणि वरून चादर टाका, अंधारात मांजर थोडं निवांत राहतं. ट्रेमध्ये कुंथतानाचा फोनवर काढलेला व्हिडिओ फार उपयोगी पडतो, कारण दवाखान्याच्या टेबलावर मांजर लघवीला बसून दाखवत नाही. काय खातं, किती वेळा उलटी झाली, कुठलं औषध चालू आहे, हे वाटेत आठवून ठेवा. खायला घालू नका, भूल द्यावी लागू शकते. लघवीचा नमुना मिळवायच्या नादात मात्र वेळ घालवू नका.

पायरी ४: दवाखान्यात काय होतं, हे आधीच माहीत असू द्या

वाट अडली असेल तर साधारण क्रम असा असतो. पोट तपासतात. रक्तात पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडन्या किती काम करतायत हे दाखवणारं द्रव्य) पाहतात, गरज असेल तर ईसीजी. वेदनाशामक देतात, सलाईन सुरू करतात, पोटॅशियमचा हृदयावर परिणाम झाला असेल तर आधी त्याला आवर घालणारी औषधं देतात. मग भूल देऊन मूत्रमार्गात कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालतात, अडकलेला गोळा धुऊन मोकळा करतात. कॅथेटर बहुधा एक-दोन दिवस, कधी जास्त, आत राहतो आणि मांजराला तिथेच ठेवावं लागतं. वाट मोकळी झाल्यावर किडन्या काही काळ भराभर लघवी तयार करतात, तेवढं पाणी सलाईनमधून भरून काढावं लागतं. कॅथेटर काढल्यावर ते स्वतःहून नीट लघवी करतंय हे पाहिल्याशिवाय घरी आणण्याची घाई करू नका. मन घट्ट करावं लागतं, पण त्या एका रात्रीला फार अर्थ आहे.

अडलं नसेल तर कारण शोधायला वेळ असतो. लघवीची तपासणी, सोनोग्राफी, एक्स-रे. लघवीचा नमुना पोटातून सुईने थेट मूत्राशयातून घेतात. ऐकायला भयंकर वाटतं. प्रत्यक्षात सुई अगदी बारीक असते आणि बहुतेक मांजरं फारशी कुरकुरही करत नाहीत. असा नमुना स्वच्छ असतो, जंतू आहेत की नाहीत याचा निर्वाळा त्यावरूनच नीट देता येतो. नमुना ताजाच तपासायला हवा. फ्रिजमध्ये ठेवलेल्या लघवीत मुळात नसलेले स्फटिकही तयार होतात आणि मग नसलेल्या आजारावर उपचार सुरू होतात.

कारण कुठलं?

इथे बहुतेक नवे पालक गोंधळतात, कारण सगळ्यालाच "युरिन इन्फेक्शन" म्हणायची सवय पडली आहे. तरुण आणि मध्यमवयीन मांजरांमध्ये जंतूंचा संसर्ग हे कारण क्वचितच निघतं. संसर्ग दिसतो तो जास्त करून दहा वर्षांपुढच्या मांजरांत, त्यातही किडनीचा आजार, मधुमेह किंवा थायरॉइड वाढलेलं असेल तर. म्हणून अँटिबायोटिक शक्यतो कल्चर करून, म्हणजे लघवीतले जंतू प्रयोगशाळेत वाढतात का ते पाहून, आणि जंतू सापडले तरच. "अँटिबायोटिक दिलं आणि पाच दिवसांत बरं वाटलं" हे सांगणारे भेटतील. त्यांचा अनुभव खोटा नसतो, पण बहुतेक वेळा ते मांजर आपलं आपणच बरं झालेलं असतं.

कारण असं की सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार वेगळाच आहे. मूत्राशयाला सूज असते, वेदना असते, रक्त असतं. जंतू नसतात, खडा नसतो. याला इडिओपॅथिक सिस्टायटिस म्हणतात, म्हणजे नेमकं कारण न सापडलेली मूत्राशयाची सूज. मूत्राशयाच्या या तक्रारी घेऊन येणाऱ्या तरुण मांजरांपैकी निम्म्याहून अधिक यात मोडतात. अडथळा नसेल तर हा त्रास बहुधा आठवडाभरात ओसरतो, पण पुष्कळांना पुन्हा होतो. ओहायो स्टेट विद्यापीठातले पशुवैद्य टोनी बफिंग्टन यांनी या आजारावर अनेक वर्षं काम केलं. ही मांजरं ताणाला वेगळा प्रतिसाद देतात, आणि दुखणं मूत्राशयात दिसलं तरी मूळ एकट्या मूत्राशयात नसतं, हे त्यांनी मांडलं. २०११ मध्ये त्यांनी या सगळ्या प्रकाराला "पँडोरा सिंड्रोम" असं नाव सुचवलं. आपल्यासाठी याचा अर्थ एवढाच, की गोळीइतकंच घरातलं वातावरणही उपचाराचा भाग आहे.

उरले खडे. मुख्य दोन जाती. स्ट्रुव्हाइट हा खास आहाराने विरघळतो, काही आठवडे लागतात, आणि विरघळला की नाही ते पुन्हा एक्स-रे काढून पाहतात. कॅल्शियम ऑक्झलेट विरघळत नाही, तो काढावाच लागतो. लघवीत नुसते स्फटिक दिसले म्हणजे खडा झालाच असं नाही. निरोगी मांजरांच्या लघवीतही ते सापडतात.

एक गल्लत टाळा. उभं राहून, शेपटी ताठ करून, भिंतीवर किंवा पडद्यावर फवारा मारणं हे हद्द आखणं आहे. बसून थेंब थेंब करणं हे दुखणं. आणि मांजर खूप पाणी पितंय, मोठमोठी ढेकळं करतंय, तर तो तिसराच विषय. तिथे किडनी आणि साखर तपासायला हवी.

पायरी ५: घरी आणल्यावर मोजायला लागा

पुन्हा अडण्याचा धोका पहिल्या काही दिवसांत सगळ्यात जास्त असतो. भुऱ्याला घरी आणल्यावर मी फ्रिजला कागद चिकटवला आणि प्रत्येक ढेकळासाठी रेघ ओढायला लागले. सकाळी एक मोठं, दुपारी एक, रात्री एक. गोळा होणारं लिटर वापरत असाल तर निरोगी प्रौढ मांजराची दिवसाला साधारण दोन ते चार ढेकळं निघतात, लहान मुलाच्या मुठीएवढी. तुमच्या मांजराचा आकडा काय ते तुम्हीच ठरवा, आणि ते ठणठणीत असतानाच ठरवा. शेंगदाण्याएवढी सात-आठ ढेकळं दिसली तर त्रास सुरू झालाय. बारा तासांत एकही नाही, किंवा मांजर ट्रेकडे फेऱ्या मारतंय आणि येत काहीच नाही, तर पुन्हा पायरी १.

घरात दोन-तीन मांजरं असतील तर कुणाचं ढेकूळ कुठलं हे कळत नाही. नुकत्याच बऱ्या झालेल्या मांजराला काही दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या ट्रेसह ठेवा. वेदनाशामक जितके दिवस सांगितलं तितके दिवस द्या. वेदना असली की मूत्रमार्ग आखडतो, आणि आखडलेला मार्ग पुन्हा अडायला वेळ लागत नाही.

पायरी ६: पाणी

घरी करण्यासारखी सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. आपली मांजरं आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या मुलखातल्या रानमांजरांची वंशज. उंदीर-पाखरांच्या मांसातूनच त्यांचं बरंचसं पाणी भागायचं, त्यामुळे तहान लागण्याची जाणीव मंद. अशा प्राण्यासमोर आपण कोरडा खाऊ ठेवतो, ज्यात पाणी असतं सुमारे १० टक्के. ओल्या खाण्यात ते ७५ ते ८० टक्के असतं. कोरडं खाणारी मांजरं वाटीतून जास्त पितात खरी, पण ती तूट पूर्ण भरून निघत नाही.

चार किलोच्या मांजराला खाण्यातलं धरून दिवसाला साधारण २०० मिली पाणी लागतं. ओलं खाणं सुरू करा. जमत नसेल तर निदान एका वेळचं. त्यात चमचाभर पाणी कालवा आणि हळूहळू वाढवा. वाट्या रुंद, काठोकाठ भरलेल्या, मिशा कडेला लागणार नाहीत अशा, आणि खाण्यापासून दूर. ट्रेजवळ तर नकोच. तीन-चार ठिकाणी ठेवा, रोज धुवा. काही मांजरांना वाहतं पाणी आवडतं, त्यांच्यासाठी कारंजं आणा. भुऱ्याने कारंज्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याला काचेचा पसरट बाऊल आवडला, तोही खिडकीजवळचाच. प्रयोग करावे लागतात. दूध हा पाण्याला पर्याय नाही, बऱ्याच प्रौढ मांजरांना त्याने जुलाब होतात.

पशुवैद्याने लघवीसाठीचा खास आहार लिहून दिला असेल तर तो एकटाच द्यायचा. त्याच्या जोडीला इतर खाऊ चालू राहिला तर लघवीचं साधलेलं संतुलन बिघडतं. नवा आहार सात ते दहा दिवसांत, जुन्यात थोडा थोडा मिसळून आणा. "भूक लागली की खाईल" म्हणून उपाशी ठेवू नका. मांजर दोन-तीन दिवस काही खात नसेल तर यकृतात चरबी साठून नवंच संकट उभं राहतं, विशेषतः जाडं मांजर असेल तर.

पायरी ७: ट्रे

जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त, आणि सगळे एका रांगेत नाहीत. मांजराच्या लेखी शेजारी शेजारी ठेवलेले तीन ट्रे म्हणजे एकच ट्रे. लांबी मांजराच्या अंगाच्या दीडपट. विकायला असतात ते बहुतेक लहानच पडतात. साठवणीचा मोठा प्लास्टिकचा डबा एका बाजूने कापला की उत्तम ट्रे होतो. बारीक, बिनवासाचं लिटर. दिवसातून दोनदा उपसा. वॉशिंग मशीनशेजारी ठेवू नका. एकदा बसलेलं असताना मशीन धडधडलं की त्या जागेची धास्ती बसते.

गादीवर लघवी केली म्हणून ओरडू नका, मारू तर नकाच. ट्रेमध्ये बसलं की दुखतं, म्हणून ते मऊ जागा शोधत असतं. डाग एन्झाइमच्या क्लीनरने काढा.

पायरी ८: घरातला ताण

मांजराचा ताण आपल्याला दिसत नाही, कारण ते भांडत नाही, गप्प होतं. घरबदल, नवं बाळ, पाहुणे, खिडकीबाहेर येऊन बसणारं परकं मांजर, तुमची बदललेली कामाची वेळ. दोन मांजरं असतील तर पाहा: एक दाराच्या तोंडाशी नुसतं बसून एकटक पाहतं, आणि दुसरं ट्रेपर्यंत जातच नाही. पंजा उगारला जात नाही, आवाज नाही, पण दुसऱ्याची लघवी तासन् तास कोंडलेली असते. खाणं, पाणी, ट्रे, झोपायची जागा दोघांच्या वेगळ्या वाटांवर ठेवा. प्रत्येकाला एक उंच जागा आणि एक लपायची जागा. जेवणाच्या वेळा ठरलेल्या. रोज दहा-पंधरा मिनिटं दोरीच्या खेळण्यामागे धावणं, ज्यात शेवटी "शिकार" हाती लागते. वजन जास्त असेल तर ते सावकाश उतरवा.

एवढं करूनही काही बोक्यांची वाट पुन्हा पुन्हा अडते. त्यांच्यासाठी अरुंद टोक काढून मार्ग रुंद करणारी शस्त्रक्रिया आहे. त्याने अडण्याचा धोका खूप कमी होतो, पण मूत्राशयाची सूज जात नाही आणि जंतुसंसर्गाची शक्यता थोडी वाढते. त्यामुळे पाणी आणि ताण यांच्याकडे पाहणं सुटत नाही.

आज एक काम करून टाका. तुमच्या नेहमीच्या दवाखान्यात फोन करून विचारा, "रात्री बोक्याची लघवी अडली तर कॅथेटर घालायची सोय तुमच्याकडे आहे का? नसेल तर कुणाकडे?" मिळालेला नंबर फ्रिजवर लावा, आणि त्याच्याच खाली ढेकळं मोजायचा कागद.